वहिनीचा बिनपंख्याचा कॉम्प्युटर

माझ्या वहिनीच्या, म्हणजे कुंदाच्या, डोक्यात एकदा किडा शिरला की तो काढायला डॉक्टर पुरत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाहीये, हं. त्या किड्यापायी मी ऐन मे महिन्यात, भर दुपारी, खिडक्या लावून, पंखा बंद करून, फ्रीजचा प्लग काढून चारकोपच्या तिच्या घरात घामाने न्हात बसले होते. वर तोंडातून ब्र काढायची सोय नाही. श्वाससुद्धा जरा हळू घे, म्हणाली. मी म्हटलं, वहिनी, एकदम बंदच करू का, म्हणजे तुझं काम झकास होईल.

ती हसली नाही. एरवी हसली असती. पण त्या दिवशी ती माझ्या दादाचा आवाज शोधत होती.

अनंत माझा सख्खा मोठा भाऊ. तीन वर्षं झाली त्याला जाऊन. सकाळी दूध आणायला खाली उतरला, येताना जिन्यात बसला, तो उठलाच नाही. दुधाची पिशवी मांडीवर तशीच. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, कुणाला दोन शब्द सांगणं नाही. तसाही तो बोलणाऱ्यातला नव्हताच. आमच्या घरात बोलायचं खातं माझ्याकडे होतं.

वर्षश्राद्धाला सगळ्यांनी ग्रुपवर त्याचे फोटो टाकले. पंगत उठल्यावर वहिनीने सहज विचारलं, ह्यांचा आवाज कुणाकडे आहे का रे? सगळे आपापले फोन चाळायला लागले. कुणाकडेच निघाला नाही. दादा फोनवर बोलायचा, पण बोललेलं कुठे राहतं? मेसेजमध्ये बोलून पाठवायचं त्याला कधी जमलं नाही, तो आपला अंगठा दाखवायचा. भाचीच्या, म्हणजे दादाच्या लेकीच्या, श्रुतिकाच्या लग्नाच्या व्हिडिओत तो सगळीकडे आहे, पण व्हिडिओवाल्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत वरून सनई चढवलेली. मढच्या समुद्रावर आम्ही सगळे एकदा गेलो होतो, तिथला एक व्हिडिओ निघाला. दादा पँट दुमडून पाण्यात उभा, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी सांगतोय, आणि ऐकू येतो नुसता वारा. वहिनीने तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल देव जाणे. ओठांवरून काय बोलले ते ओळख, म्हणून मलाही बसवलं. मी काय ओळखणार, कपाळ?

माणूस गेला की त्याचे कपडे राहतात, चष्मा राहतो, आधार कार्डसुद्धा राहतं. आवाज राहिला नाही हे आम्हाला वर्षाने कळलं. आणि ज्या दिवशी कळलं, त्या दिवसापासून वहिनीचं जेवणातलं लक्ष उडालं.

मग तिला कुणीतरी भजनाची आठवण करून दिली. आमचे वडील गिरणीत होते. लालबागला आमच्या चाळीत चंद्रप्रकाश बुवांचं भजनी मंडळ होतं. कोकणातल्या लोकांना डबलबारी काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगते. दोन बुवा समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांना सवाल-जबाब करतात, पहाटेपर्यंत. बुवा पेटीवर असतो, बाजूला पखवाज, आणि मागे सहा-आठ जण झांजा वाजवत बुवाची ओळ उचलतात. त्याला कोरस म्हणतात. माझा दादा तरुणपणी कोरसात होता. पुढे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला लागला, पाळ्या सुरू झाल्या, मंडळ सुटलं. त्यानंतर त्याचं लग्न झालं. म्हणजे वहिनीने त्याला मंडळात गाताना कधी ऐकलंच नाही. मी ऐकलंय. फ्रॉकमध्ये होते, पहिल्या रांगेत झोपायचे.

बुवा ऐंशीच्या घरात आहेत, कांदिवलीलाच लेकाकडे असतात. त्यांनी कपाट उपसून एक कॅसेट काढून दिली. गावच्या देवळात झालेली बारी, कुणीतरी टेपरेकॉर्डर मधोमध ठेवून भरलेली. बाकीच्या सगळ्या बुरशीने गेल्या, ही तेवढी वाचली. वहिनी ती पदराखाली घेऊन आली, आणि तिथून आमच्या घरादाराची वाट लागली.

तिच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल ही कोण बाई साठीत कॉम्प्युटर बांधायला निघालेली. वहिनी वाढली अंधेरीत. दहावी झाली आणि सीप्झमधल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत लागली. पांढरा कोट, डोक्याला टोपी, डोळ्यांसमोर भिंग, आणि दिवसभर तांदळाच्या कणीएवढे पार्ट बोर्डावर सोल्डर करायचे. आख्खी नोकरी तेच केलं. कंपनी बंद झाल्यावर इतर बायकांनी शिवणकाम, पाळणाघर असं काय काय धरलं, ही सोसायटीतल्या लोकांचे मिक्सर आणि रिमोट उघडून बसायची. दादा तिला चहा करून द्यायचा आणि समोर पेपर वाचत बसायचा. दोघं एकमेकांशी काय बोलत असतील असा मला नेहमी प्रश्न पडायचा. काहीच नसतील. पण एक उठलं की दुसरं वर बघायचं, एवढं मी पाहिलंय.

कॅसेट चालवायला तिने जुना डेक पैदा केला, त्याचं हेड स्पिरिटने पुसलं, आणि सगळं श्रुतिकाने टाकून दिलेल्या कॉम्प्युटरमध्ये भरून घेतलं. एकदाच चालवायची होती म्हणाली, फीत तुटली तर संपलं. भरून झालं, आणि ऐकायला बसली तर कॉम्प्युटरच घरघंटीसारखा घुर्रर्र करतोय. आत पंखा, विजेच्या डबीत आणखी एक पंखा, गरगर फिरणारी डिस्क. पेटी ऐकू यायची, बुवा ऐकू यायचा, मागचा कोरस त्या घरघरीत बुडालेला. आणि हिला हवा होता कोरसातलाच एक आवाज.

मी म्हटलं, हेडफोन लाव ना बाई, शंभर गोष्टी कशाला. तेव्हा ती जे म्हणाली ते मला अजून लागून राहिलंय.

"कानात घातलं की ते डोक्यात बोलतात, जानकी. डोक्यात तर रोजच बोलतात. मला ते घरात बोललेले ऐकायचेत."

माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे बघा.

तर हिने ठरवलं, पंखाच नसलेला कॉम्प्युटर बांधायचा. हिंदीतले व्हिडिओ बघितले, लॅमिंग्टन रोडला खेपा घातल्या. कमी वीज खाणारा, कमी तापणारा प्रोसेसर घेतला. न फिरणारी डिस्क घेतली. वीज द्यायला लॅपटॉपसारखा चार्जर बाहेर ठेवला. कॉम्प्युटरच्या आतल्या आवाजाला खरखर येते म्हणून आकड्यांमधून आवाज काढणारी वेगळी डबी घेतली, तिला डॅक म्हणतात, हे मलाही आता पाठ झालंय. राहता राहिली उष्णता. पंखा नाही तर ती जाणार कुठे? तिला बाहेर काढायला धातूचा डबा हवा, जाड, आणि अंगावर उभ्या पट्ट्या असलेला. तसला तयार डबा हिच्या मनाला येईना. शेवटी दादाच्याच जुन्या युनिटमध्ये गेली. तिथला राजेश हा दादाच्या हाताखाली शिकलेला. त्याने ॲल्युमिनियमचा ठोकळा कापून डबा करून दिला, वर चाकावर घासून पॉलिश मारलं, त्याला बफिंग म्हणतात. वहिनींच्या कॉम्प्युटरला बफिंग मीच करणार म्हणाला, ते काम अनंतदादाचं होतं.

डबा जोडला, चालू केला. आवाज शून्य. चालू आहे की बंद हे कळायला हात लावून बघावं लागे. ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा कोमट लागायचा. वहिनी त्याच्यावर हात ठेवून बसलेली मला आवडायची नाही.

पण मेला पाऊण तास चालायचा आणि गप्पकन बंद पडायचा. हिने सगळा उघडला, पांढरी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू आवळले, पार्ट बदलून आणले. उघडा ठेवून तपासला की दिवसभर चालतोय, आणि सगळं नीट आवरून ऐकायला बसलं की बंद. किती तरी दिवस हा खेळ. श्रुतिका फोनवरून म्हणाली, आई, सोड आता. वहिनीने फोन ठेवून दिला आणि संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली. सांगायला लाज वाटते, पण मलाही त्या डब्याचा राग यायला लागला होता. मेलेल्या माणसाला दोनदा मारतोय असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तर डबा कोपऱ्यात टेबलावर, आणि त्याच्यावर छान कव्हर. निळं, बारीक फुलांचं, चारी बाजूंनी झालर. हिच्या घरात मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला आहे, फ्रीजच्या हँडलला सुद्धा आहे. आमच्याकडे नवी वस्तू आली की आधी कव्हर शिवतात, मग वापरतात.

"वहिनी," मी म्हटलं, "तू ह्याला स्वेटर घातलायस."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग डब्याकडे. धूळ बसेल म्हणून गं, म्हणाली. मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. आख्खा जन्म सोल्डरिंग केलेली बाई! आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची विचारायला आली. दादा गेल्यानंतर त्या घरात तसं हसणं पहिलंच. हसता हसता मध्येच आम्हाला दोघींना एकदम कळलं की हे सांगायला तो नाहीये, आणि हसणं विझलं.

तर कव्हर काढलं, डबा बंद पडायचा थांबला, आणि त्या मे महिन्याच्या दुपारी वहिनीने मला बोलावलं. मला का, तर कोरसातला दादा ओळखायला मीच साक्षीदार. तू ऐकलंयस त्यांना, मी नाही, म्हणाली. माणसाचा गातानाचा आणि बोलतानाचा आवाज एकच की, एकदा तू बोट ठेव, पुढचं माझं मी बघते. पंखा बंद का, फ्रीज बंद का, ते आता तुम्हाला कळलं असेल.

तिने चालू केलं. आणि काय सांगू, आख्खं देऊळ खोलीत आलं. झांजांचा प्रत्येक ठोका वेगळा. कुणाचं तरी पोर रडतंय, कुणीतरी खोकतोय, पखवाजवाला चामड्याच्या पुडीवर हात पुसतोय तेसुद्धा. वहिनी माझ्या तोंडाकडे टक लावून बघतेय. बुवाची ओळ झाली, कोरसाने उचलली. मी कान टवकारले. एक आवाज, दुसरा, तिसरा. सगळे चिरके. कोवळ्या पोरांसारखे. त्यात माझा दादा नव्हता.

पुन्हा लाव म्हटलं. पुन्हा लावलं. नाही. तिने हळूच विचारलं, नाहीच? मी खोटं बोलू शकले असते, एखाद्या आवाजावर बोट ठेवून मोकळी झाले असते. पण मला ते जमत नाही, आणि तिने ते ओळखलं असतं. नाही म्हटलं. कदाचित त्या बारीला तो गेलाच नसेल. वहिनीने उठून पंखा लावला, फ्रीजचा प्लग घातला, आणि भात टाकायला आत गेली. पाठमोरी होती तरी तिच्या मनाचं काय झालंय ते मला दिसत होतं.

मला रात्रभर राग. कुणाचा ते कळेना. सकाळी उठून मी तडक चंद्रप्रकाश बुवांकडे गेले आणि विचारलं, दादा नव्हता तर कॅसेट कशाला दिलीत, त्या बाईचे हाल बघवत नाहीत. बुवा म्हणाले, अनंता नव्हता असं होणारच नाही, त्या बारीला तो माझ्या डाव्या हाताला होता. मग स्वतःच रिक्षात बसले. पेटी बरोबर घेतली. पेटीशिवाय ते कुठे जात नाहीत, म्हाताऱ्याची काठी तशी त्यांची पेटी.

वहिनीने पुन्हा सगळं बंद केलं आणि लावलं. बुवांनी पहिली ओळ ऐकली मात्र, त्यांचं तोंड कडू झालं.

"ह्यो मी न्हय," ते म्हणाले. "माझी पट्टी काळी चार. ह्यो काळी पाचात गाता."

पेटीवर त्यांनी आपली काळी चार दाबून धरली. टेपमधला सूर चक्क वर होता. जन्मभर एकाच पट्टीत गायलेला माणूस, त्याला सांगावं लागत नाही. मग थोडा वेळ डोळे मिटून बसले आणि त्यांना आठवलं. त्या दिवशी देवळातली वीज गेली होती. टेप सेलवर चालवला होता, आणि सेल जुने होते. फीत रखडत रखडत भरली गेली. आता नीट वेगाने चालवली की सगळी धावतात आणि सगळ्यांचे आवाज चढतात.

वहिनी तोवर कॉम्प्युटरपाशी पोचलीसुद्धा होती. वेग कमी करायची सोय त्यात असते. ती थोडा थोडा कमी करत गेली, बुवा पेटीवर बोट दाबून बसले. टेपमधला सूर खाली खाली येत गेला, पेटीच्या जवळ आला, आणि एका क्षणी दोन्ही एक झाले. बुवांनी नुसती मान हलवली. झांजा भरल्या, पखवाज घुमायला लागला. बुवा तरुण होऊन गात होते. ओळ संपली, कोरसाने उचलली.

आणि त्यात माझा दादा होता.

किंचित नाकातला, गोड, शब्दाच्या शेवटी जरा रेंगाळणारा. मला शोधावा लागलाच नाही. तो माझ्या समोर, त्या भिंतीपाशी मांडी घालून बसला होता, आणि मी फ्रॉकमध्ये होते, आणि आई होती, बाबा होते, सगळे होते. मी "दादा" म्हणून ओरडले आणि मग मला काही आवरलं नाही. तीन वर्षांत मी एवढी रडले नव्हते. बुवासुद्धा उपरण्याने डोळे पुसत होते. अनंता, अनंता, एवढंच म्हणत होते.

वहिनी रडली नाही. तिने मला विचारलं, कुठला? मी म्हटलं, अगं तो, शेवटी राहतो तो. तिने पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मान कलती करून ऐकत राहिली. मग बुवांना चहा दिला, लाडू दिला, रिक्षापर्यंत सोडून आली. वर आल्यावर पंखा लावला नाही. माझ्याजवळ खाली बसली.

"छान आहे गं आवाज," म्हणाली. "पण हा तुझा दादा. ह्याला मी ओळखत नाही."

मला आधी कळेचना. मग ती सांगत गेली. लग्न झालं तेव्हा घरात माणसं ही एवढी, ते सगळ्यांसमोर तिच्याशी बोलायचे कुठे? तेव्हाचा आवाज तिला आठवतच नाही. पुढे वेगळं घर झालं, बोलायला मोकळीक मिळाली, तोवर बफिंगच्या धुळीने घसा बसला होता. तिने आयुष्यभर ऐकला तो बसका आवाज. खरखरीत, वाक्याच्या मध्येच दम खाणारा. तो कुठेच भरलेला नाही.

"मला वाटलं, तरुणपणीचा सापडला तर त्यातून आपला ओळखू येईल," ती म्हणाली. "नाही येत गं. कुणा परक्या मुलाचं गाणं ऐकल्यासारखं वाटतं. आणि आता मला भीती वाटते. मला त्यांचा आवाज आठवतो असं वाटतं, आणि नेमका आठवायला गेलं की हातचा जातो."

एवढी खटपट हिने केली, आणि माणूस मिळाला मला. मी मागितलाही नव्हता. माझ्या कानात दादा म्हणजे हाच कोरसातला, त्याचा घसा कधी बसला ते मी नीट ऐकलंसुद्धा नव्हतं. तो बोलायचा, मी त्याच्या वर बोलायचे.

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्हा भावंडांचा घसा एकच. कामावरून आल्यावर दारात काय म्हणायचे, ते तू म्हण बघू."

ते मला माहीत होतं. आलो असं सांगायला आमच्या घरातले सगळे पुरुष तेच म्हणायचे. मी म्हटलं, "इलंय गो."

तिने मान हलवली. "असं नाही. खाली घे. जिना चढून दम लागलेला असायचा."

मी आवाज बसवला, घशातून ओढला, मध्ये श्वास घेतला. "इलंय... गो."

वहिनीने डोळे मिटले. "परत म्हण."

मी परत म्हटलं.

"हातपाय धुवा," ती डोळे न उघडता म्हणाली, "चहा टाकते."